चिलीम, गुडगुडी आणि शेवटचा हात

(अंकुशनगर, ता. अंबड, जि. जालना येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकल्यावर काही जण हसले, ते मी पाहिलं. इतिहासाच्या व्याख्यानमालेत चिलीम कुठून आली, असा तो प्रश्न आहे. आधीच सांगून टाकतो. तंबाखू वाईट, त्याची तरफदारी करायला मी आलेलो नाही. मला बोलायचंय ते तंबाखू ओढायच्या साधनाबद्दल, आणि त्याहून जास्त ते साधन घडवणाऱ्या हाताबद्दल.

राजे, लढाया, तह यांचा इतिहास कागदावर मिळतो. कारागिराचा हात कसा सुधारत गेला, याचा कागद सहसा मिळत नाही. कुंभाराने रोजनिशी लिहिली नाही, ओतारी आणि जडावाचं काम करणाऱ्यानेही लिहिली नाही. मग तो इतिहास वाचायचा कुठे? तो वस्तूवर वाचायचा. आकार कसा बदलला, भिंत किती पातळ झाली, भोक किती सरळ आलं, शेवटचा हात कसा फिरवला, यात तो लिहिलेला असतो. चिलीम आणि गुडगुडी ही त्यासाठी फार सोयीची उदाहरणं आहेत. कारण तंबाखू आपल्याकडे आली ती साधारण चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी. म्हणजे या धंद्याची सुरुवात आपल्याला ढोबळमानाने माहीत आहे. मडक्याची सुरुवात कोण सांगणार? तंबाखूच्या चिलमीची सांगता येते.

पैठणचं लग्न आणि असदबेगची नळी

सुरुवात आपल्या शेजारूनच करू. सन १६०४. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी आणि अकबराचा मुलगा दानियाल यांचं लग्न ठरलेलं होतं. हे लग्न लागलं आपल्या गोदाकाठी, पैठणला. नवरीबरोबर विजापूरहून जी मंडळी आली त्यांत इतिहासकार फरिश्ता होता. त्याने ही हकिकत लिहून ठेवली आहे.

या सोयरिकीच्या कामासाठी अकबराने विजापूरला जो माणूस पाठवला होता, त्याचं नाव असदबेग. तो परत जाताना आदिलशहाकडचे नजराणे घेऊन गेला, आणि आणखी एक गोष्ट घेऊन गेला. तंबाखू. तो लिहितो की उत्तरेत त्याने असं काही पाहिलं नव्हतं, विजापुरात मात्र ते मिळालं. यात आश्चर्य नाही. गोव्यात पोर्तुगीज १५१० पासून होते, आणि विजापूर ही गोव्याची शेजारीण. तंबाखू दख्खनला आधी कळली, आग्र्याला नंतर.

आता आपल्या कामाचा भाग. बादशहापुढे नुसती पानं कशी ठेवायची? म्हणून असदबेगने ओढायचं एक साधन तयार करवून घेतलं, आणि त्याचं बारकाईने वर्णन केलं. नळी तीन हात लांब. ती आणली होती सुमात्रा बेटावरच्या अचिनहून. नीट वाळवलेली, रंगवलेली. दोन्ही टोकांना रत्नं आणि मिनाकाम. तोंडात धरायचा भाग येमेनच्या अकीकाचा, लंबगोल. जाळायला सोन्याचं भांडं. तंबाखू भरली ती आदिलशहाने दिलेल्या विड्याच्या पिशवीत. नळी ठेवायला चांदीची वेगळी नळकांडी, तिच्यावर जांभळी मखमल. सगळं चांदीच्या तबकात मांडलं.

अकबराने थोडी ओढून पाहिली. हकिमाने हरकत घेतली, वाद झाला. बादशहाने पुढे ती सवय लावून घेतली नाही. दरबारी लोकांनी मात्र मागून घेतली, आणि बघता बघता व्यापारी ती विकू लागले. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. तेरा वर्षांत बंदी घालावी लागली, यावरून ती किती पसरली होती ते समजतं.

पण मी तुम्हाला त्या नळीकडे परत नेतो. ती नीट पाहिली तर ती घडवलेली कमी आणि जुळवलेली जास्त आहे. नळी एका देशाची, मुखनळी दुसऱ्या देशाची, पिशवी मुळात विड्याची. शोभेचा सगळा भर टोकांवर. धूर कसा यावा, तो थंड कसा व्हावा, हातात धरताना तोल कसा राहावा, यावर एक शब्द नाही. पाण्याचाही उल्लेख नाही. याचा अर्थ असा की १६०४-०५ च्या सुमारास या वस्तूला उत्तरेत अजून स्वतःचा आकारच नव्हता. ती नवलाची चीज होती. रोजच्या वापरात ती आली, तेव्हा आकार ठरू लागला.

हुक्का अकबराच्या दरबारातला हकीम अबुल फतह गिलानी याने शोधला, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. हा हकीम १५८९ मध्येच वारला. असदबेगची हकिकत त्याच्यानंतर पंधरा वर्षांची. तेव्हा ही गोष्ट सांगताना जरा जपून सांगावी. एखाद्या साधनाला एकच शोधक चिकटवायची आपल्याला हौस असते. माझं मत असं की गुडगुडी कुणी एकाने शोधली नाही. ती अनेक हातांनी हळूहळू सुधारली.

नारळापासून घंटेपर्यंत

गुडगुडीचं तत्त्व सोपं आहे. वर चिलीम, तिच्यात तंबाखू आणि विस्तव. तिथून नळी खाली पाण्यात बुडते. दुसरी नळी पाण्याच्या वर संपते, तिच्यातून ओढायचं. धूर पाण्यातून वर येतो, गुडगुड आवाज होतो, म्हणून नाव गुडगुडी. पाण्याचं भांडं म्हणून सर्वांत स्वस्त आणि तयार वस्तू कोणती? नारळाची करवंटी. फारसीत नारळाला नारगील म्हणतात, आणि इराण-तुर्कस्तानात या साधनाचं नावच नारगिले पडलं. नाव नारळाचं, पुढे भांडं काचेचं झालं तरी तेच राहिलं.

करवंटी गोल असते. म्हणून धातूची भांडी करायला लागले तेव्हा कारागिरांनी आधी गोलच केली. सतराव्या शतकातली बिदरी कामाची जी गुडगुडीची भांडी आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात किंवा हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात दिसतात, त्यांतली जुनी भांडी अशी चेंडूसारखी आहेत. चेंडू जमिनीवर उभा राहत नाही. त्याला खाली कडं लागतं, आपण घागरीला चुंबळ ठेवतो तसं. अठराव्या शतकात आकार बदलत जातो, आणि उत्तरार्धात घंटेसारखा आकार रूढ झालेला दिसतो. तळ रुंद आणि सपाट, वर निमुळता होत जाणारा गळा. आता कडं नको.

हा बदल का झाला असेल? मला तरी कारण वापरात दिसतं. लांब, वळणारी नळी आली की ओढणारा माणूस भांड्यापासून दूर, लोडाला टेकून बसतो. नळीला जरा हिसका बसला तर गोल भांडं कलंडतं, पाणी आणि विस्तव दोन्ही गालिच्यावर. सपाट तळाचं भांडं जागचं हलत नाही. पाण्याचं वजन खाली राहतं. म्हणजे आकार सुधारला तो बैठकीतल्या अडचणीमुळे, आणि सुंदरही दिसू लागला.

आता हे भांडं घडतं कसं ते बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. बिदर काही परका मुलूख नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि बिदर एकाच हैदराबाद राज्यात होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. बिदरी काम औरंगाबादेतही रुजलेलं होतं.

बिदरीचा मुख्य धातू जस्त. आज बिदरचे कारागीर साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं असं प्रमाण सांगतात. बेंजामिन हाइन नावाच्या एका युरोपीय वैद्याने १८१४ मध्ये छापलेल्या पुस्तकात जुनी कृती दिली आहे. तांबं १६ औंस, शिसं ४, कथील २, हे एकत्र वितळवायचं. मग या मिश्रणाचे ३ औंस घेऊन त्यात १६ औंस जस्त घालायचं. हिशेब केला तर जस्त ८४ टक्क्यांच्या आसपास येतं.

पण हे दोन टप्प्यांत का? तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, आणि ९०७ अंशांना उकळून उडून जातं. म्हणजे वितळलेल्या तांब्यात सरळ जस्त टाकलं तर त्याचा बराच भाग धूर होऊन जाईल. आधी तांब्यात शिसं-कथील मिसळलं की ते मिश्रण कमी उष्णतेला वितळतं, आणि मग जस्त जपून घालता येतं. तापमापक नव्हता, रसायनशास्त्राचं पुस्तक नव्हतं. हे ज्ञान किती वेळा जस्त वाया गेल्यावर आलं असेल, विचार करा.

मग साचा. जुन्या पद्धतीत माती आणि शेण मळून भांड्याचा गाभा करत, तो लेथवर फिरवून गोल करत. त्यावर मेण-राळेचा थर द्यायचा. भांड्याची भिंत जितकी जाड हवी तितकाच जाड. पुन्हा लेथवर फिरवून तो थर एकसारखा करायचा. वरून मातीचं लिंपण. तापवलं की मेण वाहून जातं आणि मधल्या पोकळीत धातू ओततात. नीट पाहा, भांड्याचा आकार आणि जाडी धातू ओतायच्या आधीच, मेणात ठरते. मेणात राहिलेला उंचवटा पुढे धातूत येतो, आणि तो काढायला दहापट मेहनत पडते. आता बहुतेक ओतकाम वाळूच्या साच्यात होतं.

ओतीव भांडं बाहेर येतं तेव्हा ओबडधोबड, राखी रंगाचं असतं. इथून सफाई सुरू होते. कानस लावून खरखरीतपणा काढायचा. मग मोरचुदाचं पाणी चोळायचं, म्हणजे पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो आणि त्यावर टोकदार सुईने काढलेली रेघ पांढरी दिसते. नक्षी हातानेच काढतात. बारीक छिन्नीने ती कोरायची. कोरलेल्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. तार बसवली तर तारकशी, पत्रा खोल बसवला तर तहनिशान, आणि पत्र्यातूनच नक्षी कापून भोवतीची जागा चांदीने भरली तर आफताबी. मग पुन्हा घासून सगळं एका पातळीत आणायचं. या टप्प्याला चांदी आणि जस्त दोन्ही चकाकतात, त्यामुळे नक्षी जवळजवळ दिसेनाशी होते.

शेवटी माती. बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या बांधकामाच्या आतली, ऊन-पाऊस न लागलेली माती घेतात. कारागीर ती जिभेला लावून पारखतात. त्या मातीत नवसागर आणि पाणी घालून लेप करतात, भांडं किंचित तापवतात आणि लेप चोळतात. जस्ताचा भाग गडद काळा होतो, चांदी होती तशी पांढरी राहते. धुऊन तेलाचा हात फिरवला की काळेपणा खुलतो.

नव्या माणसाला वाटतं, काळा रंग चढला की चुका झाकल्या जातील. उलट होतं. कानशीचा राहिलेला ओरखडा, तारेची उचललेली कड, कोरताना घसरलेली छिन्नी, हे सगळं राखी धातूवर चालून जातं, काळ्यावर लगेच डोळ्यांत भरतं. म्हणून बिदरी शिकणाऱ्याची परीक्षा शेवटच्या दिवशी होते, पण तो नापास झालेला असतो पहिल्या दिवशीच. शेवटचा हात चांगला फिरावा यासाठी आधीचा प्रत्येक हात चांगला लागतो.

कुंभाराची चिलीम

गुडगुडी झाली सरदाराची, जहागीरदाराची, देशमुखाची. शेतावरच्या माणसाकडे, गाडीवानाकडे, गोसाव्याकडे असायची ती मातीची चिलीम. गुडगुडीच्या वरच्या भांड्यालाही चिलीमच म्हणतात, पण मी हातात धरायच्या सरळ चिलमीबद्दल बोलतोय. तोंडाला रुंद, खाली निमुळती, एक वीतभर किंवा त्याहून लहान.

आपल्या या पंचक्रोशीशी जोडलेली एक चिलीम सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पैठण तालुक्यातल्या धूपखेड्याचे चांदभाई पाटील हरवलेली घोडी शोधत निघाले होते, आणि वाटेत त्यांना एक फकीर चिलीम भरत बसलेला दिसला. पुढे शिर्डीचे साईबाबा म्हणून जे ओळखले गेले ते हे फकीर, अशी कथा श्रीसाईसच्चरितात आहे. विस्तव कसा निघाला आणि पाणी कसं आलं, हा चमत्काराचा भाग भाविकांसाठी मोलाचा आहे. मी इतिहासाचा माणूस म्हणून त्यात आणखी एक गोष्ट वाचतो. चिलीम ओढायला विस्तव तर लागतोच, पण पाणी कशाला? छापी भिजवायला. छापी म्हणजे चिलमीच्या खालच्या टोकाला गुंडाळायचा ओला फडक्याचा तुकडा. तो धूर थोडा थंड करतो, राख-कण अडवतो, आणि मुठीत चिलीम घट्ट बसवतो.

छापीवरून चिलमीच्या घडणीबद्दल बरंच कळतं. चिलीम ओठाला लावत नाहीत. ती मुठीत धरतात आणि ओठ मुठीला लावतात. एकच चिलीम चार जणांत फिरते, त्यामुळे ही पद्धत सोयीची. कोणी कोणाबरोबर चिलीम ओढायची, याला जातीच्या मर्यादा होत्या. वाळीत टाकणं याला हुक्कापाणी बंद करणं असं म्हणतात, ते उगीच नाही. तर चिलमीची सफाई ओठासाठी नसते, तळहातासाठी असते. खालचं टोक गुळगुळीत आणि नेमकं गोल हवं, नाहीतर छापी सरकते आणि बाजूने हवा शिरते. हवा शिरली की धूर येत नाही.

आता घडण. आपल्याकडची काळी माती एकटी चालत नाही. ती वाळताना फार आकसते, तडे जातात. म्हणून नदीकाठचा गाळ, चाळलेली माती, राख, घोड्याची लीद असं मिश्रण करून मळतात. चिलमीसाठी माती आणखी बारीक चाळावी लागते. रांजणात एखादा खडा राहिला तर बिघडत नाही. चिलमीच्या पातळ भिंतीत चुनखडीचा कण राहिला तर भाजल्यावर तो हवेतली ओल ओढून फुगतो आणि कपची उडवतो. भट्टीतून धड निघालेली चिलीम चार दिवसांनी फुटते.

चाकावर एकाच मोठ्या गोळ्याच्या टोकातून एकामागून एक चिलमी काढतात. दोन बोटांत माती वर ओढायची, आत पोकळ ठेवायची, खाली निमुळती करायची, दोऱ्याने कापून बाजूला ठेवायची. काही क्षणांचं काम. पण त्या क्षणात तीन गोष्टी साधायच्या असतात. भोक अगदी मधोमध हवं, कारण भिंत एका बाजूला पातळ राहिली तर तिथे हात भाजतो. आतला उतार अखंड हवा, पायरी राहिली तर तिथे काजळी साठते. आणि गळा असा आवळायचा की वरून टाकलेला खडा नेमक्या जागी अडकावा. हा खडा तंबाखू खाली येऊ देत नाही, पण त्याच्या कडेने धूर जातो. गळा सैल झाला तर खडा हातात येतो, घट्ट झाला तर धूर कोंडतो.

अर्धवट वाळली की खरवडून जाडी सारखी करायची. मग गुळगुळीत गोट्याने घोटायची. घोटल्याने मातीचे वरचे कण आडवे बसतात, छिद्रं बुजतात, आणि भाजल्यावर चकाकी राहते. हे ओल्या मातीवर केलं तर आकार बिघडतो, पुरत्या वाळलेल्या मातीवर केलं तर नुसते ओरखडे उठतात. मधली वेळ हाताला कळावी लागते. वरून गेरूचा हात दिला तर लाल, आव्यात धूर कोंडला तर काळी.

हात सुधारतो कसा

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बिदरच्या कारागिराचा आणि कुंभाराचा हात सुधारला कशामुळे?

सराव हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. वीस वर्षं तीच चूक करणारे लोक आपण सगळ्या धंद्यांत पाहतो. हात सुधारायला दोन गोष्टी लागतात असं मला वाटतं. एक, काम बिघडलं की ते करणाऱ्याकडे परत आलं पाहिजे. दोन, चांगल्या कामाला वेगळा भाव मिळाला पाहिजे.

बिदरच्या कारागिराला दोन्ही मिळालं. गिऱ्हाईक दरबारी, नजर चोखंदळ, एका भांड्यावर महिनोन्महिने घालवता येत. कुंभाराला पहिली गोष्ट मिळाली, दुसरी नाही. कुंभार बारा बलुतेदारांतला. गावाला मडकी पुरवायची आणि खळ्यावर बलुतं घ्यायचं. गावातच राहायचं असल्याने वाईट मडक्याची तक्रार संध्याकाळपर्यंत दारात येई. पण मडकं उत्तम केलं म्हणून कुणी पायली जास्त घालत नसे. चिलीम बाजारात आणि जत्रेत रोखीने विकता येई, पण तिचा भाव तो किती. असं असताना कुंभाराने चिलीम घोटली, हे मला फार मोठं वाटतं. त्या घोटण्याचे पैसे त्याला कुणी दिले नव्हते.

आता एक बाहेरचं उदाहरण देतो, कारण त्यातून आपल्याला कामाची दिशा मिळते. इंग्लंडात सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पांढऱ्या मातीचे पाइप होत. लहान भांडं आणि लांब नळी. नळीचं भोक पाडायला ओल्या मातीच्या वळीतून तार घालत. हे पाइप स्वस्त, लगेच मोडत, लोक फेकून देत. इंग्रज गेले तिथे त्यांचे तुकडे पडलेले आहेत. जे. सी. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन वगैरे ठिकाणचे तुकडे घेतले आणि भोकांत ड्रिलचे बिट घालून त्यांची मापं काढली. १९५४ मध्ये त्याने निष्कर्ष मांडला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीची भोकं एका इंचाच्या चौसष्टाव्या भागाच्या नऊपट, म्हणजे सुमारे साडेतीन मिलिमीटर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली चारपट, म्हणजे दीड मिलिमीटरच्या थोडी वर. जसजसा काळ पुढे गेला तसतसं भोक बारीक होत गेलं.

या काळात नळ्या लांब होत गेल्या. लांब वळीतून बारीक तार सरळ घालायची तर हात स्थिर लागतो. ते पाइप करणाऱ्या बहुतेकांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. पण त्यांचा हात दीडशे-दोनशे वर्षांत कसा बदलला, ते मिलिमीटरमध्ये मोजता येतं. इतकं नेमकं, की आज उत्खननात पुरेसे तुकडे सापडले तर त्या भोकांवरून थराचा काळ सांगतात. दोन-चार तुकड्यांवर हे जमत नाही, ढीग लागतो, हेही लक्षात ठेवा.

आपल्या गोदाकाठी चिलमीचे तुकडे कमी आहेत का? जुन्या पांढरीच्या टेकाडावर, पडक्या गढीच्या पायथ्याला, नदीच्या कापलेल्या काठावर खापरांमध्ये ते असतात. आपण त्यांना खापर म्हणून लाथाडतो. गळ्याचं माप, भिंतीची जाडी, घोटलेलं की न घोटलेलं, लाल की काळं, एवढ्या चार नोंदी शंभर-दोनशे तुकड्यांच्या झाल्या, आणि थरांचा काळ दुसऱ्या पुराव्याने ठरला, तर मराठवाड्यातल्या कुंभाराच्या हाताचा आलेख काढता येईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. मोजपट्टी, वही आणि चिकाटी लागते.

घाई यासाठी की हे तुकडे कायम राहणार नाहीत. १९६५ मध्ये जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये धरण राष्ट्राला अर्पण झालं. त्या पाण्याने आपली शिवारं बदलली, ऊस आला, कारखाना उभा राहिला. त्याबद्दल इथे बसलेला कोणीही कृतज्ञच असेल. पण धरणाच्या पोटात जुनी गावठाणं गेली, आणि उरलेली पांढरीची माती आजही ट्रॉली भरभरून शेतात जाते. त्या मातीबरोबर हा पुरावा जातो.

शेवट कारागिरांच्या आजच्या स्थितीने करतो. विडी आली, सिगारेट आली, आणि चिलीम-गुडगुडी दोन्ही मागे पडल्या. बिदरी काम मात्र टिकलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते जगाने पाहिलं. २००६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ मध्ये बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. गुडगुडीची मागणी गेली तरी तो हात फुलदाणी, डबी, दागिने यांकडे वळवता आला, कारण त्या हाताला नाव होतं, गिऱ्हाईक होतं. कुंभाराच्या हाताला चिलमीचं नाव कुणी दिलं नाही. चिलीम जावी, तिचं दुःख नाही. पण पातळ भिंत, मधोमध भोक आणि योग्य वेळी घोटणं, हे जमणारा हात तिच्याबरोबर जाऊ नये. तो हात चहाच्या कपाला लागतो, पणतीला लागतो, चाळणीला लागतो.



प्रश्नोत्तरं

*प्रश्न: शहरातल्या हुक्का पार्लरमुळे या कारागिरांना काम मिळालं नसतं का?*

महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर २०१८ पासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तिथली भांडीही बहुतेक कारखान्यात केलेली, काचेची आणि पत्र्याची असत. बिदरच्या किंवा आपल्या कुंभाराच्या हाताला त्यातून काही मिळत नव्हतं. कौशल्य टिकवायला व्यसन टिकवावं लागत नाही. बिदरीने ते करून दाखवलं आहे.

*प्रश्न: शेतात असे तुकडे सापडले तर घरी आणून ठेवावेत का?*

नको. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तुकडा जागेवरून हलला की त्याची निम्मी माहिती गेली. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, गट नंबर आणि जागा लिहून ठेवा, आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. नांगराने आधीच वर आलेला असेल तर कुठल्या बांधाजवळ, किती खोल, तेवढं तरी लिहा.

*प्रश्न: कुंभाराच्या मुलांना हे शिकवायचं तर सुरुवात कुठून?*

एकाच वस्तूपासून. पन्नास वेगवेगळ्या वस्तू करण्यापेक्षा एकच लहान पेला पन्नास वेळा करायला द्या, आणि प्रत्येक दहावा पेला उभा चिरून आतली भिंत बघायला लावा. बाहेरून सारखे दिसणारे पेले आतून किती वेगळे असतात ते मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. चिरताना जीव हळहळतो, पण भिंत कुठे जाड राहिली ते दुसऱ्या कुठल्याच मार्गाने इतकं लवकर कळत नाही.